कंबरेची कॅप्सूल आणि रोजची गोळी

आमच्या धंद्यात म्हणतात, फरशीवाल्याची कंबर चाळिशी बघत नाही. माझी सदतिसाव्या वर्षीच गेली. एका घराच्या अंगणात शहाबादी फरशीचा मोठा तुकडा उचलताना पाठीत कट्ट असा आवाज झाला आणि मी तसाच गुडघ्यांवर बसून राहिलो. उठताच येईना. पुढची दोन वर्षं त्या एका आवाजानं खाल्ली.

मी हे लिहितोय ते आमच्या एआरटी सेंटरमधल्या, म्हणजे एचआयव्हीचं औषध मिळतं तिथल्या, सुनीताताईंच्या सांगण्यावरून. त्या समुपदेशक आहेत. मला म्हणाल्या, "आम्ही सांगितलेलं लोकांना भाषण वाटतं. तुमच्यावर गुदरलंय, तुम्ही लिहा." माझं शिक्षण बारावी. चुकलं-माकलं असेल तर सांभाळून घ्या. इथं माझं नाव गौतम आहे आणि बायकोचं महादेवी. दोन्ही नावं बदललेली आहेत.

आधीचं थोडं

एचआयव्ही मला कंबरेच्या कितीतरी आधी निघाला. लग्नाआधी पुण्यात बांधकामावर होतो, त्या दिवसांतला तो. रिपोर्ट कळला त्या दिवशी मी दवाखान्यातून चालत निघालो आणि दोन गावं ओलांडून गेल्यावर ध्यानात आलं, की सायकल तिथंच राहिली. परत आणायला गेलो नाही. चार दिवसांनी थोरला भाऊ घेऊन आला. त्याच आठवड्यात वहिनीनं माझं ताट-वाटी वेगळं केलं. भांडण नाही, बोलणं नाही. नुसतं वेगळं केलं.

पण औषध सुरू झालं आणि मी सावरलो. रोज एक गोळी, ठरलेल्या वेळेला. वजन वाढलं, काम सुरू झालं. दरवर्षी रक्तातला विषाणू मोजतात, तो "सापडत नाही" असा रिपोर्ट यायचा. सुनीताताई नवीन माणसाला माझ्याकडं बोट दाखवून म्हणायच्या, "ह्यांना विचारा, एक गोळी चुकली नाही ह्यांची." मला त्याचा अभिमान होता. जरा जास्तच होता.

महादेवी त्याच सेंटरच्या रांगेत भेटली. मुरुम गावची. पहिला नवरा ट्रकवर होता. तो वारला तेव्हा तिला कळलं की आपल्यालाही आहे. तिचं घर लिंगायत, आमचं बौद्ध. रांगेत तीन-चार महिने आम्ही पाऊसपाण्याचं बोलत होतो. मग एकदा तीच म्हणाली, "आपल्या दोगांला एकच गोळी देतेत. भाकरी पन एकाच तव्यावर केली तर काय होतंय?"

रजिस्टर लग्न केलं. तिच्या आईनं, म्हणजे अव्वानं, फोनवर एवढंच विचारलं, की जेवायला घालतो का. पण चार वर्षांत आमच्या घराची पायरी चढली नाही. आम्ही उमरग्यात दोन खोल्या केल्या होत्या. सकाळी आठला चहा झाला, की मी आणि महादेवी समोरासमोर बसून गोळी घ्यायचो. ती हसून म्हणायची, "घ्या, परसाद."

कॅप्सूल

कंबर धरली तेव्हा एका डॉक्टरांनी पाच दिवसांच्या, अफूच्या जातीच्या दुखणं मारणाऱ्या कॅप्सूल लिहून दिल्या. त्यांची चूक नाही. पाच दिवस म्हणजे पाचच दिवस असं त्यांनी दोनदा सांगितलं होतं. चूक अशी झाली की त्यांनी विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे का?" आणि मी म्हणालो, "नाही." त्यांच्या शेजारी गावातला ओळखीचा कंपाउंडर उभा होता. त्याच्यासमोर कसं बोलायचं?

पहिल्या कॅप्सूलनं अर्ध्या तासात दुखणं उतरलं. पण खरं सांगायचं ठरवलंय तर सगळंच सांगतो. नुसतं दुखणं नाही उतरलं. वहिनीनं वेगळं केलेलं ताट, कुणी कळलं तर काय म्हणेल ही धाकधूक, हे सगळंच सैल झालं. कितीतरी वर्षांनी मला हलकं वाटलं. त्या दिवशी मी महादेवीसाठी मोगऱ्याचा गजरा आणला. ती म्हणाली, "आज काय हाय?" मी म्हणालो, "कंबर दुखायची ऱ्हायली."

पाच दिवस संपले. सहाव्या दिवशी एका दुकानात चिठ्ठीशिवाय मिळाल्या. दुकान कुठलं, ते लिहीत नाही. मी मागितल्या, म्हणून त्यानं दिल्या. दोनाच्या तीन झाल्या, तीनाच्या सहा. वर्षभरात दहावर गेलो. आता कॅप्सूल घेतली नाही तर कंबरच काय, पोटऱ्या, गुडघे, दाढासुद्धा दुखायच्या. नाक वाहायचं, जांभयांवर जांभया. घेतली की दुपारी फरशीवर थापी हातात धरून डुलक्या. पोट आठ-आठ दिवस साफ नाही. त्या मळमळीला मी ॲसिडिटीचं गुलाबी पातळ औषध बाटलीबाटलीनं प्यायचो.

आणि आठची गोळी? ती अशी सुटत गेली. सकाळी उठल्यावर पहिली ओढ कॅप्सूलची. ती घरात घेता येत नव्हती, म्हणून "लांबचं काम हाय, गोळी डब्यासंग घेतो" म्हणून मी सातलाच निघायचो. कधी घेतली. कधी घेतली आणि ओकलो. पुष्कळ वेळा विसरलो. आधी विसरल्यावर घाबरायचो. पुढं पुढं घाबरायचंही विसरलो.

सेंटरवर दर महिन्याला उरलेल्या गोळ्या मोजतात. माझ्या बाटलीत पंधरा-सोळा उरायच्या. मग मी काय करायचो? जिथं काम चालू असेल तिथल्या ओल्या मालात, म्हणजे कालवलेल्या सिमेंट-वाळूत, त्या दाबायचो आणि वर फरशी बसवायचो. या तालुक्यात चार-पाच घरं अशी आहेत, की त्यांच्या स्वयंपाकघराच्या फरशीखाली माझी औषधं आहेत. मला जगवायला सरकारनं दिलेली. सेंटरवर बाटली बरोब्बर रिकामी निघायची आणि सुनीताताई म्हणायच्या, "शाब्बास."

रिपोर्टचा दिवस

त्या वर्षी आम्ही मूल होऊ द्यायचं ठरवलं होतं. मॅडम, म्हणजे सेंटरच्या डॉक्टर, दोघांचे जुने रिपोर्ट बघून म्हणाल्या होत्या, "दोघांचाही विषाणू दबलेला आहे, गोळी चालू ठेवा, हरकत नाही." त्यांचं बरोबर होतं. माझा तो रिपोर्ट कॅप्सूलच्या आधीचा होता. हे एकट्या मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो.

महादेवीला तिसरा महिना चालू असताना माझी वर्षाची तपासणी आली. रिपोर्ट घ्यायला दोघं गेलो. "सापडत नाही" च्या जागी अठ्ठेचाळीस हजार लिहिलं होतं.

सुनीताताईंनी दार लावून घेतलं. "गोळ्या चुकल्यात का?"

"नाही."

"उलटी होती? कुठं गावाला गेलात, संपल्या, असं काही?"

"नाही ताई."

त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. मॅडमना बोलावलं. मॅडमनी माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली. मग हात बघितले, मी सारखा खाजवत होतो. माझं फरशीचं काम त्यांना ठाऊक होतं. म्हणाल्या, "कंबरेला काय घेता?"

तेव्हा महादेवी बोलली. आवाज न चढवता. "मॅडम, ह्यांचा खिसा मी कदी तपासला न्हाय. पर हे बोलता बोलता झोपतेत. घास हातात धरून झोपतेत. मला वाटलं काम लई हाय."

मग मी सांगितलं. दहा कॅप्सूल, गुलाबी औषध, उलट्या, ओल्या मालातल्या गोळ्या, सगळं. फरशीखालचं सांगितलं तेव्हा सुनीताताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या रडत होत्या.

मॅडमनी समजावलं ते मला कळलं तसं लिहितो. गोळी रोज पोटात गेली तर विषाणूला डोकं वर काढता येत नाही. आज आहे, उद्या नाही, असं झालं की तो मरत नाही आणि वर त्या औषधाला तोंड द्यायला शिकतो. एकदा शिकला की मग ते औषध रोज घेतलं तरी त्याला भीत नाही. त्या गुलाबी औषधासोबत घेतलेली गोळीसुद्धा अंगी नीट लागत नाही. मी विचारलं, "कॅप्सूलनंच विषाणू वाढतो का?" त्या म्हणाल्या, "अशा औषधांचा शरीराच्या ताकदीवर आणि विषाणूवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास चालू आहे. तुमच्या बाबतीत तसं झालंय का, ते मी छातीठोक सांगणार नाही. पण कॅप्सूलपायी तुमच्या गोळ्या चुकल्या, हे मात्र पक्कं."

मग त्यांनी महादेवीकडं बघितलं. "यांचा विषाणू औषधाला सरावला असेल, आणि तो तुमच्याकडं आला असेल, तर तुमचं औषधही चालणार नाही. असं क्वचित होतं. पण आता पोटात बाळ आहे, म्हणून तुमचं रक्त आजच घेते."

तिनं हात पुढं केला. मी तिच्या दुसऱ्या हाताला हात लावायला गेलो. तिनं तो पदराखाली घेतला.

एसटी स्टँडवर बाकावर बसलो. तिनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मी केळी आणली. तिनं ती मांडीवर ठेवली आणि समोर लागलेल्या गाडीकडं बघत म्हणाली, "मला झाला तवा देनाऱ्याला ठावं नव्हतं. त्याला म्या माफ केलं. तुमाला ठावं होतं."

ती मुरुमच्या गाडीत बसली. केळी बाकावर राहिली.

अव्वा

कॅप्सूलची सवय सोडवायला मला धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारांच्या वॉर्डात दाखल केलं. मॅडमनी निक्षून सांगितलं होतं, "कॅप्सूल आपल्या मनानं एकदम बंद करू नका, जिवावर बेतेल. तिथं टप्प्याटप्प्यानं उतरवतील." पण दाखल करून घ्यायला सोबत माणूस लागतो. भाऊ आला, सही केली, पिशवी ठेवली आणि "शेतात पाणी चालू हाय" म्हणून निघून गेला.

पहिले दोन दिवस औषधानं बरे गेले. तिसऱ्या दिवशी अंगातून आग निघायला लागली. पाय स्वस्थ राहीनात. मी पलंगाच्या गजावर टाचा आपटत होतो. अंगावर काटा, घाम, जुलाब. शेजारच्या पलंगावरचा म्हातारा म्हणाला, "लेकरा, तुला भूत लागलंय का?" मी म्हणालो, "व्हय."

त्याच दिवशी दुपारी दारात एक बाई दिसल्या. कपाळावर विभूती, डोक्यावर पदर, हातात स्टीलचा डबा. मी ओळखलंच नाही. आमची भेट अशी कधी झालीच नव्हती. सिस्टरनी विचारलं, "कुणाकडं आलात?"

"जावयाकडं," अव्वा म्हणाल्या.

मी उठून बसायला गेलो. त्यांनी हातानं खुणावलं, पडा. स्टूल ओढून पायाशी बसल्या आणि माझी पोटरी दाबायला लागल्या. मी पाय आखडून घेतला. सासूनं जावयाच्या पायाला हात लावायचा? तेही त्यांच्या घरातल्या बाईनं, माझ्या पायाला?

"अव्वा, नका. पाप लागंल मला."

"लागू दे. पाय इकडं करा." त्यांनी पाय परत ओढून घेतला. "माझ्या नवऱ्याला बी असेच पाय यायचे, तापात. म्या दाबायची."

पुष्कळ वेळ दाबत होत्या. मी तोंड भिंतीकडं केलं होतं. मग त्याच बोलल्या, हळू, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. "महादेवीचा पैला मालक सोलापूरला आठ दिस दवाखान्यात होता. पोरगी एकलीच होती त्याच्यापाशी. मला फोन करायची, अव्वा ये. म्या गेले न्हाय. लोक काय म्हनतील म्हनून गेले न्हाय. तो तितंच गेला." हात थांबले, मग पुन्हा चालू झाले. "आता लोकांला जे म्हनायचं ते म्हनू दे."

"महादेवीनं पाठवलं तुमाला?"

"तिला ठावं बी न्हाय. ती म्हनली, ते मरंना का तिकडं. अन् म्हनून चुलीपुढं बसून रडली. मग म्या भाकरी बांधल्या."

डब्यात ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि थोडी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर होती. माझ्या तोंडात घास फिरत होता. अव्वांनी त्याच डब्यातनं, माझ्यासोबत खाल्लं. मी बघत राहिलो. त्या म्हणाल्या, "काय बगता? भूक लागलीय मला. दोन गाड्या बदलून आलेय."

आठ दिवस राहिल्या. पलंगाखाली चादर टाकून झोपायच्या. सकाळी आठला सेंटरची गोळी सिस्टर माझ्या हातावर ठेवायच्या आणि अव्वा समोर उभ्या. "गिळली? आ करा. जीब वर करा." मी चाळिशीला टेकलेला माणूस, सगळ्या वॉर्डासमोर आ करून दाखवायचो. शेजारचा म्हातारा हसायचा. सहाव्या दिवशी मीही हसलो. त्या दिवशी मला पहिल्यांदा आपसूक भूक लागली. सिस्टरनी रव्याचा उपमा दिला, त्यात मोहरी कडू झाली होती. मला अजून तिची चव आठवते. वर्षभरात मला कशाची चवच लागली नव्हती.

जे परत मिळत नाही

महादेवीच्या रक्ताचा रिपोर्ट मी दवाखान्यात असतानाच आला. विषाणू सापडत नाही. सुनीताताईंनी फोन करून सांगितलं, तेव्हा मी फोन अव्वांच्या हातात दिला. अव्वा फोनला म्हणाल्या, "देवा, देवा, देवा," आणि तसाच बंद केला.

माझं तसं सरळ झालं नाही. तीन महिने एकही गोळी न चुकवता पुन्हा तपासणी केली. खूप जणांचा विषाणू तेवढ्यानं खाली येतो आणि तेच औषध पुढं चालतं. माझा उतरला, पण पुरेसा उतरला नाही. सोलापूरला पाठवलं, पुन्हा रक्त, पुन्हा वाट बघणं, मग तिथल्या डॉक्टरांनी औषध बदललं. आता एकाच्या जागी जास्त गोळ्या आहेत. पहिले दोन महिने पोटानं लई त्रास दिला. आज विषाणू दबलेला आहे. पण ते आधीचं सोपं औषध, सकाळची एक गोळी, ते माझ्यापुरतं संपलं. मॅडम म्हणाल्या, "अजून रस्ता आहे, पण रस्ते मोजकेच आहेत." ते वाक्य मी रोज गोळ्या घेताना ऐकतो.

महादेवी मी घरी आल्यावर महिन्यानं आली. तिनं आल्या आल्या माझे सगळे खिसे उलटे केले, हत्यारांची पिशवीही ओतली. मी उभा राहिलो. काही सापडलं नाही. तिनं थापी, ओळंबा, दोरी एकेक करून परत भरलं आणि म्हणाली, "मला रोज हे करायला लावू नका. मी बायको हाय, पोलीस न्हाय."

"माझ्याच्यानं एकट्यानं व्हायचं न्हाय," मी म्हणालो.

"एकट्यानं करा असं कोन म्हनलं?"

एकदा घसरलोही. दवाखान्यातून आल्यावर पाचव्या महिन्यात, कामावर कंबर पुन्हा धरली आणि एका ओळखीच्या गवंड्यानं खिशातली एक काढून दिली. घेतली. घरी जाऊन चप्पल काढायच्या आधी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्यासोबत धाराशिवला आली, तिथल्या डॉक्टरांसमोर बसली. त्यांनी कंबरेचे व्यायाम दाखवले, साध्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, की उकिडवं बसायचं काम अर्ध्यावर आणा. तेव्हापासून मी मापं घेतो, उभ्यानं भिंतीच्या टाइल्स लावतो आणि जमिनीचं काम दुसऱ्यांना देतो. कमाई घटली. झोप लागते.

पायाळू

वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको, म्हणून आधी सांगून टाकतो. आम्हाला मुलगी झाली. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या, दीड वर्षाची शेवटची सुद्धा. तिला आजार नाही.

तिचा जन्म झाला त्या दिवसाचं मात्र लिहायचं आहे. बाळाचे पाय खाली होते, म्हणून ऑपरेशन करावं लागलं. दोघी सुखरूप बाहेर आल्या. तासाभरानं महादेवी कण्हायला लागली. सिस्टरनी माझ्या हातात चिठ्ठी दिली, "हे इंजेक्शन समोरच्या मेडिकलमधून आणा, लवकर."

मी चालता चालता चिठ्ठी वाचली आणि थांबलो. तेच औषध. माझं कॅप्सूलमध्ये असायचं, हे सुईतलं.

दुकानदारानं कागदाच्या पिशवीत दोन बाटल्या घालून दिल्या. बोटाएवढ्या. दुकानापासून वॉर्डापर्यंत दोनशे पावलं असतील. तेवढ्यात माझ्या तोंडाला पाणी सुटलं. बायको आत पोट शिवून पडलेली, मुलगी तासाभराची, आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. ज्याला हा नाद नाही त्याला हे वाचून घाण वाटेल. ज्याला आहे त्याला कळेल, म्हणून लिहिलं.

सिस्टरच्या टेबलापाशी चार नातेवाईक उभे होते. एक तर आमच्या गल्लीतला. मी पिशवी टेबलावर ठेवली. म्हणालो, "सिस्टर, हे तुमच्याकडं ठेवा. मला ह्याच औषधाची सवय होती. उरलं तर माझ्या हातात देऊ नका." मग ज्या कंपाउंडरसमोर एकदा तोंड बंद ठेवलं होतं तो आठवला, आणि म्हटलं आता पूर्णच करावं. "मला एचआयव्ही आहे. दोन्ही आहे मला."

गल्लीतला माणूस भिंतीवरचा तक्ता वाचायला लागला. सिस्टरनी पिशवी उचलून कपाटात ठेवली, एक बाटली बाहेर काढली. "बरं केलंत सांगितलं. डॉक्टरांच्या कानावर घालते."

"सिस्टर, मग हिला हे न दिलेलंच बरं न्हाय का?"

"पोट फाडलंय हो तिचं," त्या म्हणाल्या. "तिला दुखू द्यायचं का? डॉक्टरांना ठाऊक आहे, किती द्यायचं आणि कधी थांबवायचं. औषधाचा दोष नसतो भाऊ. ते किती दिवस, कुणाच्या देखरेखीखाली, त्यावर असतं."

सुई टोचल्यावर थोड्या वेळानं महादेवीच्या कपाळावरची आठी उतरली. तिनं डोळे न उघडता हात पुढं केला. मी तो धरला. या वेळी तिनं काढून घेतला नाही. मी म्हणालो, "बाहेर सगळ्यांसमोर सांगून आलो."

"ऐकू आलं," ती म्हणाली. "लई मोठ्यानं बोलता तुमी."

अव्वा बाळाला घेऊन खिडकीपाशी उभ्या होत्या. त्या वळून म्हणाल्या, "जावई, तुमच्या कंबरंचं काम झालं बगा. पोरगी पायाळू हाय." पायानं जन्मलेल्या माणसानं पाठीला पाय लावला की उसण उतरते, असं आमच्याकडं मानतात. ऑपरेशननं झालेल्याला ते लागू होतं का, असं महादेवीनं डोळे मिटूनच विचारलं. अव्वा म्हणाल्या, "पाय तर पायच हायेत न्हवं?"

आता मुलगी दोन वर्षांची आहे. अव्वा मुरुमहून येतात तेव्हा पंधरा-पंधरा दिवस राहतात. सकाळी आमच्या दोघांच्या गोळ्या झाल्या, की मी व्यायाम करतो आणि मग चटईवर पालथा पडतो. अव्वा पोरीचे दोन्ही हात धरून तिला माझ्या पाठीवर उभं करतात आणि कानडीत मोजतात, "ओंदु, एरडु, मूरु." ती पाठीवर नाचते, कधी कधी केसांना धरून खाली बसते. तिचे तळवे गरम असतात. कंबर दुखायची राहिलेली नाही. दुखते, थंडीत तर लई दुखते.

"उतरली का उसण?" अव्वा विचारतात.

"अजून जरा," मी म्हणतो.